सुट्टीवर आल्यावर

देवमन तायडेच्या घरात एका माणसाला नावानं हाक मारायला बंदी होती, आणि तो माणूस म्हणजे त्याचा स्वतःचा मुलगा. मुलाचं नाव अनुप. पण घरात ते उच्चारायचं नाही, 'साहेब' म्हणायचं. आईनं, बहिणीनं, शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांनीसुद्धा. हुकूम देवमनचा होता. तसं त्या घरात खरं चालायचं मैनाबाईचंच, पण नवऱ्याचं हे नवं खूळ तिनं हसण्यावारी नेलं. चार दिवस मिरवेल आणि मग विसरेल, असा तिचा अंदाज होता. संसारात तिचे अंदाज सहसा चुकत नसत. हा चुकला.

देवमन हा फौजेतला निवृत्त नायक. नायक म्हणजे दंडावर दोन फिती. त्याच्या वर हवालदार, त्याच्या वर सुभेदार, आणि या सगळ्यांच्या कितीतरी वर ऑफिसर. महार रेजिमेंटमध्ये त्यानं उमेदीची सगळी वर्षं काढली आणि त्यातली बरीचशी कुणा ना कुणा ऑफिसरचा सहायक म्हणून काढली. साहेबाचे बूट, साहेबाचा पट्टा, साहेबाचा चहा. मिसरूड न फुटलेल्या लेफ्टनंटांना त्यानं 'जी साहेब' म्हटलं आणि त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही. कारण फौजेतला साहेब खांद्यावरच्या ताऱ्यांमुळे साहेब असतो, कुणाच्या पोटी जन्मला म्हणून नाही. ही गोष्ट देवमनला मनापासून पटली होती.

भातकुली तालुक्यातल्या त्याच्या गावात तसं नव्हतं. गावानं त्याच्या बापाला जन्मभर एकेरीत बोलावलं होतं आणि त्यालाही तसंच. पेन्शन घेऊन, छातीवर पदकं लावून तो परत आला, तरी ज्यांच्या वावरात त्याची आई तण निंदायला जात असे त्या महादेवरावांनी पारावरून विचारलं, "काय रे देवमन्या, आला काय मिल्ट्रीतून?" देवमन हसून "हो जी" म्हणाला. त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नाही.

अनुपला त्यानं फार हौसेनं वाढवलं. सुट्टीवर आला की संध्याकाळी ओट्यावर उभा राहायचा, दोन्ही हात तोंडाशी धरायचा आणि कवायतीच्या मैदानावरचा आवाज काढायचा, "अनुप्याऽऽ!" ती हाक पार पेढी नदीच्या काठापर्यंत जायची. पोरगं बोरीवर असो, नाल्यात असो, कुणाच्या वावरात हरभरा खात असो, तिकडून उत्तर यायचंच, "ओ बाऽऽ!" मग धूळ उडवत स्वतः यायचं. देवमन त्याला दोन शिव्या घालायचा आणि खांद्यावर घ्यायचा. गावातल्या बायका त्या हाकेवर चुली पेटवायच्या, असं मैनाबाई सांगायची. त्यात थोडं मीठमसाला असेल, पण फार नाही.

पुढे अनुप अमरावतीला इंजिनिअरिंगला गेला, तिथेच एका खोलीत चार पोरांबरोबर राहून फौजेच्या ऑफिसरची परीक्षा दिली आणि पास झाला. ज्या दिवशी निकाल लागला त्या दिवशी देवमन एसटीनं अमरावतीला गेला, पोराला भेटला, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि परत आला. बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून रडला. पोराच्या पाठीवर त्यानं हात ठेवला तो हा शेवटचाच, पण हे तेव्हा कुणाला ठाऊक असणार.

डेहराडूनला ट्रेनिंग संपलं. शेवटच्या परेडनंतर नव्या ऑफिसरच्या खांद्यांवर तारे लावायचा मान आईवडिलांचा असतो. एका खांद्यावर आई, दुसऱ्या खांद्यावर बाप. देवमन निळा कोट, बेरे टोपी आणि पदकं घालून गेला होता. मैनाबाईनं आपले तारे लावले. अनुपनं दुसरा खांदा बापापुढे केला. देवमन दोन पावलं मागे सरला.

"बा, लावा ना."

"आपल्या खांद्याले माहा हात नाई लागत साहेब," देवमन म्हणाला आणि टाच आपटून त्यानं कडक सलाम ठोकला.

आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा फौजी आपल्या ऑफिसर पोराला सलाम करतोय, हे दृश्यच तसं होतं. कुणीतरी फोटोही काढला आणि तो फोटो पुढे मोबाइलवर सगळ्या वऱ्हाडात फिरला. फोटोत देवमनची छाती फुगलेली दिसते. अनुपचा चेहरा मात्र कुणी नीट पाहिला नाही. त्यानं सलामाला सलामानं उत्तर दिलं, तेव्हा त्याचा दुसरा खांदा तसाच रिकामा होता. ते तारे नंतर बहिणीनं लावले, प्रियदर्शनीनं.

घरी आल्यावर बंदीहुकूम निघाला. मैनाबाई म्हणाली, "अवो, पोटचा पोट्टा हाये तो. त्याले काहाचं साहेब म्हनता?"

देवमननं तिला जवळ बसवून समजावलं. "तुले नाई समजत. आपनच अरे-तुरे केलं तं हे लोक काहून साहेब म्हनतीन? पह्यले घरानं म्हनाव लागते. मंग गल्ली म्हनते. मंग गाव."

बोलण्यात तथ्य होतं, हीच तर खरी अडचण. मैनाबाई तोंडदेखलं 'साहेब' म्हणायची आणि स्वयंपाकघरात गेल्यावर हळूच 'अनुप्या' म्हणायची. प्रियदर्शनी अकोल्याला बँकेत होती. ती शनिवारी यायची आणि भावाला चिडवायची, "साहेब, पोहे खाता का साहेब? का तोफेच्या सलामीनंतर?" अनुप पहिल्या सुट्टीत पोट धरून हसला.

त्याच सुट्टीत एका सकाळी तो उठून अंगणात आला तर बाप उकिडवा बसून त्याचे बूट घासत होता. समोर पॉलिशची डबी, हातात फडकं, बोटाला थोडी थुंकी लावून टोकावर गोल गोल. फौजेत सहायक घासतात तसे. आणि चेहऱ्यावर समाधान असं, जसं लग्नघरात आग्रह करून वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतं.

"बा, हे काय करून राहिले तुमी?"

"उठले साहेब? चहा सांगतो." देवमन उठून सावधान उभा राहिला. एका हातात बूट, एका हातात फडकं.

अनुपनं त्याच्या हातातला बूट ओढून घेतला. "मले घरी बाप पायजे. सहायक नाई पायजे!" तो इतका मोठ्यानं ओरडला की शेजारीण भिंतीवरून डोकावली. देवमनला राग आला नाही. उलट बरं वाटलं. ऑफिसर असाच ओरडला पाहिजे, असं त्याला वाटलं. हे त्यानं नंतर मैनाबाईला कौतुकानं सांगितलंसुद्धा. मैनाबाईनं कपाळाला हात लावला.

दोन वर्षांनी अनुप कॅप्टन होऊन सुट्टीवर आला, आणि फार कमी बोलला. हिवाळा होता. वावरात तूर वाळत होती. दुपारी जेवायची वेळ झाली की तो कुणाला न सांगता नदीकाठच्या बोरीखाली जाऊन बसायचा, लहानपणी बसायचा तिथेच. मोबाइल घरी ठेवून जायचा. पहिल्या दिवशी मैनाबाईला वाटलं, पाय मोकळे करायला गेला असेल. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं. ती नवऱ्याला म्हणाली, "हाक मारा ना त्याले. जेवाले बोलवा. ओट्यावरून."

देवमन चप्पल घालून निघाला. वावरांमधून जाणारी अख्खी पांदण तुडवत, डोक्यावर ऊन घेत, तो बोरीपर्यंत चालत गेला आणि अदबीनं म्हणाला, "साहेब, जेवन तयार हाये."

अनुपनं वर पाहिलं. "इतक्या दूर चालत आले बा? हाक मारली असती तं ऐकू आलं असतं."

"साहेबाले असं गावभर वरडून बोलवतात काय?"

अनुप बापाच्या मागे मागे घरी आला आणि मुकाट जेवला. सुट्टी संपेपर्यंत तो रोज बोरीखाली बसला आणि देवमन रोज पांदण तुडवत गेला. दोघेही हट्टी. बाप कुणाचा आणि लेक कुणाचा, हे सांगायला नको होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली. टीव्हीवर नकाशे, बाण आणि आरडाओरडा सुरू झाला. देवमननं टीव्ही बंद करून टाकला. लढाई टीव्हीत दिसते तशी नसते, इतकं त्याला माहीत होतं आणि बाकीचं त्याला आठवायचं नव्हतं. अनुपचं ठाणं अगदी पुढे होतं. त्याचा फोन लागत नव्हता. मैनाबाई विहारात जाऊन बसायची, प्रियदर्शनी अकोल्याहून दिवसातून दहादा विचारायची, आणि देवमन सगळ्यांना सांगायचा, "फोन नाई म्हनजे सगळं ठीक हाये. फौजेत असंच असते." स्वतः मात्र फोन उशाशी, खिशात, अगदी मोरीत जातानाही बरोबर न्यायचा.

आणि याच दिवसांत गावात एक वेगळीच गोष्ट घडत होती. लोक संध्याकाळी तायड्यांच्या अंगणात यायला लागले. सीमेवर काय चाललंय, साहेब कसे आहेत, असं विचारायला. साहेब! देवमनच्या मुलाला गाव साहेब म्हणायला लागलं होतं. एका संध्याकाळी खुद्द महादेवराव आले. त्यांच्या सगळ्या हयातीत त्यांचा पाय या अंगणाला लागला नव्हता. ते बाजेवर टेकले, मैनाबाईच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाले, "देवमनराव, साहेबांची काही खबर?"

देवमनराव. हा शब्द ऐकायला देवमनचा बाप जन्मभर थांबला असता तरी त्याला मिळाला नसता. देवमनचा ऊर भरून आला. आणि नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजला. अनुपचा होता.

अंगण एकदम चिडीचूप झालं. देवमन उठून उभा राहिला. "जय हिंद साहेब!"

"बा, बरे आहा ना? आई कशी हाये?" आवाज थकलेला होता, मागे खरखर होती.

"सगळं ठीक. तुमी सांगा साहेब."

"मी बरा हाये. वेळ कमी हाये, बा. एक मागू?"

"हुकूम करा साहेब."

मग अनुप म्हणाला, "हुकूम नाई. एकदा अनुप्या म्हना ना. पह्यले ओट्यावरून मारत होते तशी हाक मारा. एकच बार."

देवमनच्या ओठांवर ते नाव आलं होतं. अगदी आलं होतं, हे त्याला पुढे रोज आठवत राहिलं. पण समोर बाजेवर महादेवराव बसले होते, कपबशी हातात धरून, कान देऊन. नुकतेच तर ते देवमनराव म्हणाले होते. अजून तो शब्द अंगणातून विरलाही नव्हता.

"तुमी ड्युटीवर आहा साहेब," देवमन म्हणाला. "ड्युटीवर नाव नसते. सुट्टीवर आल्यावर मारतो. ओट्यावरूनच मारतो."

"पक्कं?"

"पक्कं साहेब."

पलीकडे अनुप हसला. "त्यातई साहेब," तो म्हणाला, आणि फोन कट झाला.

महादेवरावांनी मान डोलावली. "काय शिस्त हाये, देवमनराव!" ते म्हणाले. देवमनला त्या वेळी ते आवडलं. पुढे त्याला स्वतःची जीभ हासडून टाकावीशी वाटली, पण त्या वेळी आवडलं होतं, हे खोटं कसं बोलायचं.

नंतर जे झालं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. दोन दिवसांनी पहाटे ठाण्यावर तोफांचा मारा झाला. पुढच्या खंदकात दोन जवान जखमी पडले होते. एकाला अनुपनं ओढून आत आणलं आणि दुसऱ्यासाठी तो परत गेला. दुसरा गोळा तिथेच पडला. दुपारी देवमनच्या फोनवर एका अनोळखी अधिकाऱ्याचा आवाज आला. त्यानं आधी विचारलं, "आप बैठे हैं?" फौजेतल्या माणसाला तेवढ्यावरूनच कळतं. देवमन उभाच होता. तो उभाच राहिला. मैनाबाईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातलं सूप तिथेच खाली ठेवलं.

अनुपला नागपूरपर्यंत विमानानं आणि तिथून फुलांनी सजवलेल्या फौजी गाडीनं आणलं. अमरावतीपासूनच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. गावात पाय ठेवायला जागा नव्हती. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी अंगणात, ओट्याच्या समोर ठेवली. पेटी उघडायची नाही, असं अधिकाऱ्यानं हळूच सांगितलं. मैनाबाई पेटीला टेकून बसली ती बसलीच. तिनं टाहो फोडला नाही. ती तिरंग्यावरून हात फिरवत राहिली, तापलेल्या लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा. प्रियदर्शनी तिला धरून बसली होती.

कुणीतरी मोठे पुढारी यायचे होते, म्हणून सगळे खोळंबले होते. पेटीबरोबर आलेला एक तरुण जवान देवमनजवळ आला. दंडाला पट्टी बांधलेली होती. अकोल्याकडचा, किशोर नावाचा. वऱ्हाडी बोलतो म्हणून त्याला मुद्दाम पाठवलं होतं. "काका," तो म्हणाला, "मले साहेबांनीच ओढून आनलं. दुसऱ्यासाठी गेले ते आले नाई."

देवमननं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्यानं सहायकाचा प्रश्न विचारला, "बूट कोन घासत होतं साहेबाचे? तू काय?"

किशोर खाली पाहू लागला. "नाई काका. साहेब आमाले बुटाले हात लावू देत नव्हते. सोताच घासत. मी एकदा जबरदस्तीनं घ्याले गेलो तं म्हने, ठेव किशोर, माह्या बापाले माहे बूट घासताना पाह्यलं मी. तवापासून कोनी बूट उचलला का मले लाज वाटते."

देवमन ऐकत राहिला. ज्याला तो इतकी वर्षं मान समजत होता ते पोराच्या गळ्यातलं ओझं होतं, आणि पोरगं ते मुकाट वाहत होतं. घरात, बोरीखाली, तिकडे खंदकातसुद्धा. देवमनला एकदम बसावंसं वाटलं, पण त्याच वेळी गर्दीत गलका झाला. पुढारी आले होते. विहारातल्या माणसांनी त्रिशरण पंचशील म्हटलं. मग घोषणा सुरू झाल्या. आधी चार पोरांनी दिल्या, मग सगळ्या गावानं उचलल्या. "अनुप साहेब, अमर रहे! अनुप साहेब, अमर रहे!"

महादेवराव ओरडत होते. पारावरची सगळी माणसं ओरडत होती. घर साहेब म्हणत होतं, गल्ली म्हणत होती, गाव म्हणत होतं. देवमननं जसं सांगितलं होतं अगदी तसंच सगळं झालं होतं. त्या एवढ्या गर्दीत नुसत्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

आता पेटी मैदानावर न्यायची होती. अधिकारी अदबीनं देवमनजवळ आला आणि म्हणाला, आधी वडिलांची सलामी होईल. देवमननं निळा कोट घातला होता, पदकं लावली होती, बेरे टोपी डोक्यावर होती. कॅमेरे पुढे सरकले. डेहराडूनचा तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये होताच, त्याची जोडी त्यांना हवी होती. जवानांनी बंदुका सरळ केल्या. घोषणा थांबल्या.

देवमन पेटीपुढे सावधान उभा राहिला. आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली. टोपीशिवाय फौजेत सलाम होत नाही, हे त्या अंगणातल्या प्रत्येक फौजीला ठाऊक होतं. अधिकारी गोंधळून त्याच्याकडे बघू लागला. देवमननं टोपी किशोरच्या हातात दिली, पाठ फिरवली आणि तो ओट्याच्या पायऱ्या चढायला लागला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा धीर सुटला, घरात चाललाय. कुणीतरी वाट करून दिली.

ओट्यावर चढून देवमन वळला. त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले.

"अनुप्याऽऽ!"

कवायतीच्या मैदानावरचा आवाज होता तो. छपरावरची कबुतरं उडाली. ती हाक गर्दीवरून, पांदणीवरून, बोरीवरून पार पेढीच्या काठापर्यंत गेली असेल. देवमन मान थोडी तिरकी करून उभा राहिला. हाक मारल्यावर माणूस ऐकायला उभा राहतो तसा.

खाली पेटीजवळ बसलेल्या मैनाबाईनं मान वर केली. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच बोलली.

"आता मारता जी हाक?" ती म्हणाली. "आता?"

देवमननं पुन्हा हात तोंडाशी नेले, पुन्हा हाक मारली आणि पुन्हा ऐकत उभा राहिला.